इंजिनावरचा चहा

रुपरावाने स्क्रू पाव फेरा आत घेतला, इंजिनाचा आवाज चढला, आणि मग कोणी न सांगता परत खाली आला. त्याला वाटलं पेचकस घसरला असेल. त्याने पुन्हा पाव फेरा घेतला. आवाज पुन्हा चढला आणि मनातल्या मनात तीन म्हणेपर्यंत होता तिथे येऊन बसला. मग त्याने स्क्रू उलटा फिरवला. आवाज पडला, जरासा थरथरला, एक, दोन, तीन, आणि परत जागच्या जागी. लहान पोराने उचललेली वाटी आईने न रागावता त्याच्या हातून काढून घ्यावी आणि पुन्हा फळीवर ठेवावी, तसं काहीतरी त्या झाकणाखाली चाललं होतं. एप्रिलचे साडेदहा वाजले होते, सदर भागातल्या रस्त्यावरचं डांबर नरम पडायला लागलं होतं, आणि सत्तावीस वर्षं त्याच टिनाखाली गाड्यांवर वाकलेल्या रुपरावाच्या पाठीतून एक थंड शिरशिरी गेली. गाडीने आपलं ऐकलं नाही याचं त्याला दुःख नव्हतं. अडेल गाड्या त्याने पुष्कळ पाहिल्या होत्या. ही अडली नव्हती. हिने त्याचं सगळं ऐकून घेतलं होतं आणि आपलंच खरं केलं होतं. असं करणारं एक माणूस त्याच्या घरात होतं, हे त्याला त्या क्षणी आठवलं, आणि त्याने पेचकस खाली ठेवला.

गाडी उभी आहे, पाय पेडलवर नाही, आणि इंजिन आपल्याशीच गुणगुणत राहिलंय, त्या चालीला गॅरेजात स्लो म्हणतात. स्लो जास्त ठेवला तर पेट्रोल जातं, कमी ठेवला तर गाडी चौकात दगा देते. तो लावायला लोक घड्याळासारखी मीटरं वापरतात. रुपराव कान वापरायचा. कामठीपासून वर्ध्यापर्यंतचे लोक ‘रुपरावाचा कान’ असं म्हणत, आणि तो वरवर लाजून आत फुगत असे. इंजिन चालू करायचं, डोळे मिटायचे, उजव्या हातात पेचकस आणि डाव्या हाताचं एक बोट वर. ते बोट वर असेपर्यंत गॅरेजात कोणी शिंकायचंही नाही. मग स्लो लागला की घरून आलेल्या केटलीतला चहा कपात काठोकाठ ओतायचा आणि कपबशी चालत्या इंजिनाच्या झाकणावर ठेवायची. बशीत थेंब सांडला नाही, तर तो चहा गिऱ्हाइकाने प्यायचा आणि गाडी न्यायची. सांडला, तर रुपराव स्वतः पिणार आणि पुन्हा डोळे मिटणार. ही रीत त्याने कधी सुरू केली हे त्यालाही सांगता आलं नसतं, पण ती मोडायची म्हटलं असतं तर गिऱ्हाइकांनीच मोडू दिली नसती. सगळ्यांत मऊ स्लो त्याने लावला तो दीड वर्षामागे, मार्गशीर्षात, एका वकिलाच्या अँबॅसिडरचा. कप सोडाच, कपातल्या चहावरची साय हलली नव्हती. केटली त्या दिवशी त्याची बायको देवकी स्वतः घेऊन आली होती. वकील पान खायला कोपऱ्यावर गेले होते, थंडीचं कोवळं ऊन पडलं होतं, देवकी गाडीच्या पलीकडच्या अंगाला उभी होती, आणि इंजिन असं चाललं होतं की टिनावरून चालणाऱ्या चिमणीची नखं ऐकू यावीत. आयुष्यातली चांगली सकाळ कोणती, असं कोणी विचारलं असतं तर रुपरावाने तीच सांगितली असती.

“रुपराव, अहो, त्या स्क्रूने काही व्हायचं नाही,” वामनराव म्हणाले. ते मस्कतला बारा वर्षं नोकरी करून परत आले होते, येताना ही जपानी गाडी घेऊन आले होते, आणि आता लाकडी बाकावर बसून गाडीचं इंग्रजी पुस्तक मांडीवर उघडून वाचत होते. “इथे लिहिलंय, त्याला हात लावू नका. म्हणून तर त्यावर रंगाचा ठिपका दिलाय.”

“लिहिलं असंन साहेब. पण गाडी बंद पडून राहिली, तं कुठंतरी हात लावाच लागंन ना.”

“हिच्यात कॉम्प्युटर आहे. पायाशी डबा आहे बघा, त्यात. तो इंजिनाचे फेरे मोजत बसतो. मिनिटाला साडेसातशे म्हणजे साडेसातशे. तुम्ही स्क्रूने हवा वाढवलीत, की बाजूला दुसरी एक वाट आहे हवेची, तिच्यावरची झडप तो विजेने मिटतो. तुम्ही कमी केलीत, की उघडतो. मी एसी लावला, दिवे लावले, इंजिनावर भार पडला, की तो आणखी थोडी उघडतो. आत बसणाऱ्याला पत्ता लागत नाही.”

“मंग बंद काहून पडते?”

“झडप काजळीने धरली असणार. जितकी काजळी बसत जाते, तितकी तो ती जास्त उघडत जातो. भरून काढतो हो. बाहेरून स्लो तोच. मग एक दिवस उघडायला काही उरतच नाही, आणि त्यात आता उन्हाळा, मी एसी लावतो. झालं. चौकात गाडी मरते.”

रुपराव हात पुसत होता. पुसून झालेले हातच तो पुन्हा पुसत होता. “म्हणजे हे खराब कवापासून आहे, साहेब?”

“सहा-सात महिने तरी असेल,” वामनराव पान उलटत म्हणाले. “आपल्याला काय कळणार?”

हेच शब्द. दवाखान्यातल्या त्या तरुण डॉक्टरने हेच शब्द वापरले होते, फक्त शेवटचं वाक्य तेवढं उलटं विचारलं होतं. सहा-सात महिने तरी असेल, तुम्हाला काहीच कळलं नाही? आषाढ होता, खिडकीच्या गजांवर पाणी लोंबत होतं, आणि लोखंडी खाटेवर देवकी उजव्या कुशीवर पडली होती, कारण डाव्या कुशीवर तिला आता पडता येत नव्हतं. काखेतली गाठ छातीपर्यंत पसरली होती. रुपराव म्हणाला होता, नाही साहेब. डॉक्टर मग तिच्याकडे वळला, बाई, कोणाला सांगितलं नाही तुम्ही? देवकीने आधी नवऱ्याकडे पाहिलं होतं, मग डॉक्टरकडे, आणि म्हणाली होती, मलेच नाही समजलं. पोळ्याच्या चार दिवस आधी ती गेली. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे घरात रडायला दोनच माणसं, रुपराव आणि देवकीची थोरली बहीण प्रयागबाई, जी विधवा झाल्यापासून त्याच गल्लीत समोरच्या खोलीत राहत होती. त्यातलीही एकच रडली. रुपरावाला रडूच आलं नाही. आठ महिने झाले, तो सकाळी उठत होता, गॅरेज उघडत होता, स्लो लावत होता, आणि त्याच्या डोक्यात तो डॉक्टर खाटेशी उभा राहून तोच प्रश्न विचारत होता. ज्याला दुसऱ्या गल्लीतून जाणाऱ्या मोटारीच्या इंजिनातला एक टॅपेट सैल आहे हे कळतं, त्याला काहीच कळलं नाही? लोक पाठीमागे असंच बोलत असणार, हे त्याला माहीत होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

पण आता त्या बाकावर बसलेल्या माणसाने, पुस्तकात बोट घालून, काही वेगळंच सांगितलं होतं. रुपरावाने झडपेचे स्क्रू सोडवायला घेतले आणि त्याचं मन भराभर मागे धावायला लागलं. देवकी पाण्याची कळशी आयुष्यभर डाव्या कमरेवर घ्यायची, ती कधीतरी उजव्या कमरेवर घ्यायला लागली. कधी? थंडीतच. त्याने पाहिलं होतं, त्याला काही वाटलं नव्हतं, कारण पाणी तेवढंच भरलं जात होतं. दोरीवर धुणं वाळत घालायला हात वर करावा लागतो, तर तिने दोरीच खाली बांधून घेतली होती, का तर म्हणे वारा लागतो. भाकरी थापणं सोडून ती पोळ्या लाटायला लागली होती आणि त्याने दोनदा विचारल्यावर म्हणाली होती, तुमच्या दाताले बरं. खाप्याला माहेरी जाणं सोडलं होतं, बसच्या धक्क्यांचं नाव काढलं नव्हतं, वहिनीशी पटत नाही म्हणाली होती. संध्याकाळी तो यायचा तेव्हा घर रोजच्या ठिकाणी असायचं, ती रोजच्या आवाजात बोलायची, वरण रोजच्यासारखं असायचं. आत काजळी साचत होती आणि ती थोडी थोडी उघडत जात होती. साडेसातशे म्हणजे साडेसातशे. बाहेरच्या माणसाने कितीही कान दिला असता तरी त्याला काय ऐकू येणार होतं, ऐकू यायला काही ठेवलंच नव्हतं तिने. त्याचे डोळे भरून आले. आठ महिन्यांनी, भर दिवसा, दुसऱ्याच्या गाडीवर वाकून, पेट्रोलच्या वासात. त्याला देवकीची इतकी दया आली की छाती दुखली, आणि त्या दयेच्या तळाशी, खोटं कशाला बोला, त्याला हलकं वाटलं. आपली चूक नव्हती. कोणाचाच कान तिथे पोचला नसता.

हे प्रयागबाईला सांगायला हवं, असं त्याने लगेच ठरवलं. तेराव्यानंतर प्रयागबाई त्याच्याशी सरळ बोलली नव्हती. भांडणही नव्हतं. दुपारचं ताट ती न चुकता वाढायची, पण ‘रुपराव’ अशी हाक नाही, डोळ्याला डोळा नाही. काही सांगायचं असलं तर भिंतीला सांगायची, किंवा तांब्याला. उद्या नळ नाही म्हणतात. मीठ कमी पडलं वाटते. बायकोची थोरली बहीण म्हणजे आकडसासू, तिला विचारायचं कसं, आणि विचारायचं काय हे तर त्याला पक्कं माहीत होतं, म्हणूनच तो विचारत नव्हता. तिच्या तोंडून एकदा ‘तुमची काय चूक’ एवढं ऐकायचं होतं त्याला. एवढंच हवं होतं. बाकी आयुष्य त्यावर निघालं असतं.

झडप बाहेर आली. आतून काळी, चिकट, बोटाला डांबरासारखी लागणारी. त्याने ती पेट्रोलमध्ये ठेवली, ब्रशाने घासली, फुंकली, उजेडात धरून पाहिली, पुन्हा घासली. ठिपक्याचा स्क्रू मोजून पूर्वी होता तिथे आणला. सगळं बसवून झाल्यावर त्याने वामनरावांच्या ड्रायव्हरला, कवडूला, गाडी सुरू करायला सांगितली. इंजिन लागलं, जरा वर गेलं, आणि मग आपणहून उतरत उतरत साडेसातशेवर येऊन स्वस्थ झालं. एसी लावला. आवाज कणभर दबला आणि सावरला. वामनराव खूश झाले. समोरच्या हॉटेलातून चहा आला, कारण केटली आता घरून येत नव्हती, आणि रुपरावाने कप झाकणावर ठेवला. थेंब सांडला नाही. त्याला जरा चमत्कारिक वाटलं, कारण हा स्लो त्याने लावलेला नव्हता.

“ते सगळं ठीक,” वामनराव चहा पिता पिता पुस्तकात पाहत म्हणाले, “पण हा दिवा कसा नाही लागला? इथे लिहिलंय, आत काही बिनसलं की कॉम्प्युटर गाडी सांभाळून घेतो, पण आपण सांभाळून घेतोय हे कळवायला समोर एक पिवळा दिवा लावतो. किल्ली फिरवली की तो एकदा लागून विझला पाहिजे.”

किल्ली फिरवली. लाल लागले, हिरवा लागला. पिवळ्याची जागा काळीच राहिली. रुपरावाने हात घालून पाहिलं. मागे बल्बच नव्हता.

कवडू गाडीच्या दाराशी उभा होता. तो आधी म्हणाला, मले काय माहीत, आणि मग रुपराव नुसता त्याच्याकडे पाहत राहिला तेव्हा म्हणाला, “दिवाळीत लागला होता जी. साहेब पुण्याले गेले होते. विझेच ना. साहेब आले की विचारतीन, काहून लागला, तू काय केलं. म्हणून काढून ठेवला.”

“काढून ठेवला?”

“गाडी तं चांगली चालून राहिली होती ना, भाऊ.”

रुपरावाचा हात उठला. सत्तावीस वर्षांत त्याने कोणाच्या अंगावर हात टाकला नव्हता, आणि आता तो हात वर होता, आणि त्या हाताचं एक बोट, सवयीने, बाकीच्यांपेक्षा वर होतं. त्याने ते बोट पाहिलं. मग हात खाली घेतला आणि म्हणाला, “कुठं ठेवला?” कवडूने गाडीतल्या खणातून कागदाची पुडी काढून दिली. माणसाने इतकं जपून ठेवलं होतं. बल्ब बसवला, किल्ली फिरवली, पिवळा लागला, आणि इंजिन सुरू होताच विझला. वामनराव गाडी घेऊन गेले. जाताना म्हणाले, “कान बाकी मानला तुमचा.” ते चेष्टा करत होते की नाही, हे रुपरावाला कळलं नाही.

घर पाचच मिनिटांवर होतं, गड्डीगोदामच्या गल्लीत. उन्हात डोक्याला दुपट्टा बांधून तो चालत निघाला आणि मनातल्या मनात बोलणं जुळवू लागला. बाई, एक गोष्ट सांगतो. गाडीत अशी एक झडप असते. बल्बाचं काही सांगायची गरज नव्हती, ते कवडूचं होतं, त्याचा इथे संबंध नव्हता. बल्ब सोडून गोष्ट पुरी होत होती. तरी पायांची चाल जरा मंदावली होती, आणि सारखी ती मार्गशीर्षातली सकाळ मध्ये येत होती, ती चांगली सकाळ, जिच्याकडे तो एरवी आपणहून जायचा. वकिलाची गाडी. कोवळं ऊन. देवकी त्या बाजूला. इतक्या वेळा आठवली होती ती सकाळ, पण देवकी केटली घेऊन आली का होती, हे त्याने कधी स्वतःला विचारलं नव्हतं. केटली रोज शेजारचं कोणीतरी आणून द्यायचं. देवकी गॅरेजात येत नसे. तिला तो वास सोसत नसे.

प्रयागबाईने ताट वाढून ठेवलं होतं. वांग्याची भाजी, पोळी, कांदा. ती भिंतीला टेकून सुपात गहू निवडत बसली. तो जेवायला बसला, एक घास घेतला आणि सांगायला लागला. झडपेचं, काजळीचं, भरून काढण्याचं. चांगलं सांगितलं त्याने, वामनरावांपेक्षा चांगलं. कळशी उजव्या कमरेवर आली ते सांगितलं, दोरीचं सांगितलं. “बाहेरून काही समजतच नाही, बाई,” तो म्हणाला. “कोणालेच नाही समजत. तिनं समजूच नाही दिलं.”

सुपातली बोटं थांबली. मग आठ महिन्यांत पहिल्यांदा तिने भिंतीकडे न बघता त्याच्याकडे बघितलं.

“तिनं सांगितलं होतं, रुपराव.”

“काय?”

“मीच धाडलं होतं तिले. मले दाखवली तिनं गाठ, हरभऱ्याएवढी होती तवा. म्हटलं, रातच्याले ते थकून राह्यतात, आत्ताच जाय, सांगून ये. लाजून राहिली होती. म्हणून केटली देली हातात, का चहा घेऊन आली असं तरी वाटंन.” प्रयागबाईचा आवाज चढला नव्हता. नळाचं सांगायची तोच आवाज होता. “परत आली अन् केटली ठेवली खाली. म्हणे, सांगितलं वं बाई. मी म्हटलं, मंग? तं म्हणे, ते म्हणाले, थांब.”

रुपरावाने हातातला घास ताटात परत ठेवला.

“मी म्हटलं, पुन्हा जाय. तं मलेच म्हणे, जाऊ दे वं, त्यायले ऐकू नाही आलं असंन. मशीन चालू होती.”

देवकीने त्याच्यासाठी सुटकेची ही वाटही त्या झडपेसारखी उघडून ठेवली होती. मशीन चालू होती. त्यात काही खोटं नव्हतं, मशीन चालूच होती, आणि तो आत्ता एवढंच म्हणाला असता की होय बाई, मशीन चालू होती, तर प्रयागबाईने कदाचित मानही हलवली असती. पण कोणती मशीन? टिनावरून चालणाऱ्या चिमणीची नखं ऐकू येत होती. देवकी गाडीच्या त्या अंगाला उभी होती, पदर खांद्यावरून ओढून घेतलेला, आणि ती म्हणाली होती, अवो, मले काखेत गाठ लागून राहिली. पुरं वाक्य. एकही शब्द गळला नव्हता. त्याचं बोट वर होतं, आणि तो म्हणाला होता, थांब, कारण स्लो लागत आला होता, आणखी एक केसभर राहिला होता. मग लागला. मग त्याने चहा ठेवला, साय हलली नाही, वकील पान चघळत आले आणि वाहवा म्हणाले. देवकी तोवर निघून गेली होती. रात्री विचारू, असं त्याने ठरवलं होतं. रात्री ती रोजच्या आवाजात बोलली, वरण रोजच्यासारखं होतं, आणि त्याला वाटलं, काही असतं तर पुन्हा बोलली असती. तो वाट पाहत राहिला ती पुन्हा बोलायची, आणि मग वाट पाहायचंही विसरला. चांगली चालून राहिली होती ना, भाऊ.

“ऐकू आलं होतं, बाई,” रुपराव म्हणाला.

प्रयागबाईने सूप बाजूला ठेवलं.

“मले माहीत आहे,” ती म्हणाली. “तिलेही माहीत होतं.”

दवाखान्यातली ती नजर मग त्याच्यासमोर आली. आजवर तो समजत होता, ती बावरून पाहत होती. डॉक्टरने विचारलं, कोणाला सांगितलं नाही, आणि देवकी लगेच बोलली नव्हती. ती त्याच्याकडे बघत राहिली होती. एक, दोन, तीन म्हणण्याइतका वेळ तिने थांबून त्याला दिला होता, आणि तो खिडकीच्या गजांवरचं पाणी बघत गप्प उभा राहिला, तेव्हा डॉक्टरकडे वळून ती आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाली होती, मलेच नाही समजलं.